नऊ नंबरच्या होडीतला चांदवा

ती. भाऊजी,

नमस्कार. तुमची कंबर कशी आहे, ताईचा आवाज कसा आहे (म्हणजे चढलेलाच आहे की मधे एखाद्या दिवशी उतरला होता) आणि माझी भाची अजून पेन्सिली खाते का, हे सगळं आधीच विचारून घेतो. एकदा मूळ विषयाला लागलो की मला थांबता येत नाही आणि मग ख्यालीखुशाली विचारायला कागदावर जागा उरत नाही. मी बरा आहे. उजव्या हाताचं एक बोट सोडलं तर संपूर्ण बरा आहे. बोटाचं पुढे येईलच.

पत्र लिहायला सात महिने लावले, हे कबूल करतो. पहिले दोन महिने लाजेपायी लिहिलं नाही. पुढचे तीन महिने लाज कमी झाली, पण तोवर इतका उशीर झाला होता की उशिराला शोभेल असं कारण शोधण्यात वेळ गेला. उरलेले दोन महिने मात्र चक्क आळस, त्याला दुसरं नाव देत नाही. तुमच्या दुकानातून त्या दिवशी मी बिजागऱ्या आणतो म्हणून निघालो तो परत आलो नाही, याचं मला वाईट वाटतं. बिजागऱ्या मी आणल्या होत्या, हे मात्र ध्यानात घ्यावं. अजून माझ्याकडे आहेत. गंजलेल्या नाहीत.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. दुकानात रंधा चालू असला की तुम्हाला घंटा ऐकू येत नाही, आणि घरचा फोन ताई उचलते. ताईने मागे निरोप धाडला होता की एका जागी सलग वर्षभर टिकलास तरच मला तोंड दाखव. बेकरीत चार महिने झाले, छापखान्यात पाच, तुमच्याकडे नऊ (सगळ्यांत जास्त तुमच्याकडेच, हेही ध्यानात घ्यावं), आणि इथे आत्ता सात. म्हणजे तोंड दाखवायला अजून पाच महिने अवकाश आहे, आणि ते पाच महिने एका काळ्या, टकल्या, भांडकुदळ पाखरापायी हातचे जायची वेळ आली आहे. म्हणून हे पत्र.

मी सध्या एका तळ्यावर आहे. तळं फार मोठं नाही. एका काठावर शिंकलं तर दुसऱ्या काठावरचा माणूस औषध घेतलं का विचारील, एवढंच. इथे पायडल मारायच्या बारा होड्या आहेत, एक लाकडी धक्का आहे, सामानाची एक शेड आहे आणि तिकिटाची एक खिडकी आहे. खिडकीत मावशी बसतात. मावशी कुणाच्या ते कुणालाच माहीत नाही, पण सगळे त्यांना मावशी म्हणतात आणि त्या सगळ्यांना भाच्यासारखंच बोलतात. मालकांना सगळे कप्तान म्हणतात. कप्तानांना पोहता येत नाही. टोपी आहे. तळं काही महिने बंद असतं, तेव्हा होड्या काठावर ओढून, पालथ्या घालून, घासून, रंगवून, त्यांच्यावर नवे आकडे काढायचे असतात. हे काम माझं. येत्या रविवारी तळं पुन्हा उघडायचं आहे. इथवर सगळं सरळ आहे.

आता चांदवा. तुम्ही हा पक्षी पाहिला असेल, पाहून विसरलाही असाल, तो त्याच लायकीचा आहे. असतो साधारण कोंबडीएवढा. अंगभर चुलीतून काढल्यासारखा काळा, आणि चोचीच्या टोकापासून पार कपाळापर्यंत पांढरा फटक, जणू रंगाऱ्याने भिंतीला हात घालण्याआधी ब्रश याच्या तोंडावर पुसून पाहिला. कपाळावर चंद्र म्हणून चांदवा म्हणे. ज्याने हे नाव दिलं त्याने एक तर चंद्र पाहिलेला नसावा किंवा हा पक्षी. चंद्र कसला, ते निव्वळ टक्कल आहे. डोळे लाल, आणि तेही बारा महिने, रात्रभर हुज्जत घालून सकाळी कामावर आलेल्या माणसासारखे. पाय तर बघण्यासारखे, म्हणजे हसायला. बदकाचा पाय कसा पडदा लावलेला, एकसंध, बघितल्यावर वाटतं की कुणीतरी विचार करून बनवलाय. याच्या एकेका बोटाला वेगवेगळ्या हिरवट झालरी लावलेल्या. बदकाचा पाय करायला घेतला आणि कारागीर मधेच बिजागऱ्या आणायला गेला, असा तो पाय.

उडण्याची तऱ्हा तर विचारूच नका. बाकीचे पक्षी पंख पसरतात आणि उडतात. हा आधी पाण्यावरून धावत सुटतो, फटफट, फटफट, सुटलेल्या बसमागे डबा सांभाळत धावणाऱ्या कारकुनासारखा. आणि दहातल्या आठ वेळा बस चुकते. मग थांबतो, मान पुढेमागे करत असा काही पोहायला लागतो की जणू धावलो तो सहज, पाय मोकळे करायला. बुडी मारायची तर आधी लहानशी उडी मारून डोकं खाली खुपसतो, आणि बाटलीचं बूच दाबून सोडावं तसा टुणकन वर येतो. तोंडात काय, तर पाणवनस्पतीचं एक लांब, गळकं, हिरवं दोरखंड. तेही शेजारच्याच्या तोंडातलं बरं दिसलं तर आपलं टाकून त्याचं ओढायला जातो. आवाज म्हणाल तर रिकाम्या डब्यावर चमचा आपटावा तसा. आणि भांडण! दोन चांदवे भांडले की दोघेही पाण्यावर पाठीमागे रेलतात आणि त्या झालरीच्या पायांनी एकमेकांच्या छातीवर लाथा झाडतात. तळं पडलंय अख्खं, पण भांडण घोंगडीएवढ्या पाण्यासाठी. (तुमच्या शेजारच्या कुलूपवाल्याने फळीच्या जागेवरून जे चालवलं होतं ते मला रोज आठवतं. मिटलं का ते?)

असा हा पक्षी नऊ नंबरच्या होडीत येऊन बसला, आणि त्यात माझी थोडी चूक आहे. होडीच्या तळाला एक रबरी बूच असतं. होडी काठावर घेतली की ते काढायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. होडी पाण्यात असताना ते काढायचं नसतं. मला हे ठाऊक होतं. पण मी म्हटलं, आधी बूच काढून ठेवू, मग ओढू, तेवढंच एक काम आधी उरकेल. बूच काढलं आणि तेवढ्यात काठावरून एक माणूस सायकलवर गेला. त्याच्या सायकलला तीन घंट्या होत्या. तीन! आता तुम्हीच सांगा, एका माणसाला तीन घंट्या कशाला? मी विचारायला म्हणून मागे गेलो. तो मोठा गोष्टीवेल्हाळ निघाला, घड्याळं दुरुस्त करायचा, त्याने मला त्याच्या खोलीवर नेलं, आणि एकेक घड्याळ का थांबतं हे ऐकण्यात मला दिवस पुरला नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशीही गेलो. (तीन घंट्यांचं कारण त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.) थोडक्यात, मला नऊ नंबरची आठवण झाली ती आठ दिवसांनी (कप्तान तेवढे दिवस गावाला गेले होते, म्हणून बोभाटा झाला नाही). होडी लव्हाळ्यांच्या बेटात जाऊन अडकली होती, काठोकाठ पाणी भरून बसली होती (बुडत नाही, कडेच्या पोकळीत हवा असते), आणि मागच्या सीटवर हे महाशय, किंवा बाईसाहेब, दोघेही सारखेच कुरूप असल्यामुळे कळायला मार्ग नाही. खाली दांडक्यांचा, सडक्या पानांचा आणि एका चॉकलेटच्या कागदाचा ढीग. मी हुसकायला हात पुढे केला. पाखराच्या चोचीत दात नसतात म्हणे. असं म्हणणाऱ्याने आपलं बोट कधी पुढे केलेलं नाही.

ढिगात सात अंडी होती. मळक्या रंगाची, वर शाईचे शिंतोडे उडालेली, थेट छापखान्यातल्या माझ्या कामासारखी.

मी काय करणार होतो? कप्तानांना सांगितलं असतं तर त्यांनी मला आणि अंड्यांना एकाच टोपलीत घालून बाहेर काढलं असतं. मी विचार केला, पाखरू उबवील, पिल्लं निघतील, जातील, तोवर वेळ मारून न्यावी. आता इथली एक पद्धत सांगतो. कप्तान रोज संध्याकाळी धक्क्यावर उभे राहून होड्या तपासतात. पण ते होड्या बघत नाहीत, होड्यांवरचे आकडे वाचतात. एक, दोन, तीन, असे मोठ्याने बारापर्यंत, आणि बारा आला की टोपी सारखी करून घरी जातात. शेडमागे एक तडकलेली, मोडीत काढलेली होडी पडली होती. मी तिची भेग, खिडकीच्या काचा बसवायला लावतात त्या लांबीने भरली, वरून पिवळा रंग मारला, आणि झोकदार नऊ काढला. (नऊ छान आला होता. माझं अक्षर वाईट, पण आकडे चांगले, हे बेकरीतसुद्धा म्हणायचे.) रांगेत उभी केली. दहा दिवस कप्तानांनी तो नऊ वाचला आणि सुखाने घरी गेले.

सोमवारी सकाळी त्यांच्या मनात आलं की तळं उघडण्याआधी एखादी होडी स्वतः चालवून बघावी. बारातली कोणती घ्यावी? तुम्ही ओळखलंत. मी म्हटलं, कप्तान, तीनचा रंग बघा किती सुकलाय. मी म्हटलं, कप्तान, सहाचं पायडल काय हलकं झालंय. ते म्हणाले, "मला नऊ मानवतो." बसले. धक्क्यापासून पंधरा हातांवर लांबीने मान टाकली. होडी मोठ्या अदबीने खाली गेली, आणि कप्तान छातीभर पाण्यात उभे राहिले. टोपी तेवढी तरंगत लव्हाळ्यांकडे निघाली.

आता या पक्ष्याचा अधाशीपणा बघा. वाहत आलेलं काहीही आपल्याच घरात कोंबायचं, ही याची खोड. लव्हाळ्यांतून एक चांदवा बाहेर आला, त्याने टोपीचा पट्टा चोचीत धरला आणि टोपी ओढत आत नेली. कप्तान एक वेळ होडी सोडतील, पण टोपी सोडणार नाहीत. चिखल तुडवत, बाहू फैलावत, ते टोपीच्या मागे लव्हाळ्यांत शिरले. मग आतून आवाज आला.

"ही कोणती?"

"नऊ," मी म्हणालो. खोटं बोलायला जागाच नव्हती, आकडा समोर होता.

"आणि मी बुडालो ती?"

"तीही नऊच."

खिडकीतून मावशी ओरडल्या, "हिशेब उद्या करा हो कप्तान, आधी बाहेर या, सर्दी व्हायची!"

कप्तान टोपीविना बाहेर आले, हाताला दोन ठिकाणी चोच लागलेली. धोतरासारखा पाण्याने लोंबणारा पायजमा पिळत ते मला म्हणाले की रविवारी सकाळी खरी नऊ नंबर रिकामी, कोरडी, रंगवलेली अशी रांगेत दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर तू दिसायचं नाहीस. मी त्यांना धक्क्यावरची पाटी दाखवली. तिच्यावर चौथा नियम आहे, पक्ष्यांची घरटी व अंडी कोणीही हलवू नयेत, आणि खाली त्यांचीच सही आहे. कप्तान म्हणाले, "अरे, ते येणाऱ्यांसाठी. आपण इथलेच." मावशींनी विचारलं, "मग ते पाखरू कुठलं?" तर म्हणाले, तुम्ही तिकिटं बघा.

गैरसमज नको म्हणून सांगतो, मी काही पाखराची बाजू घेतलेली नाही. मी फक्त रोज सकाळी तिथे जाऊन बसतो, कारण त्या बाजूला वारा बरा असतो. वाऱ्याला बसलोच आहे तर कावळे आले की खडा भिरकावतो, हात मोकळा होतो. आणि बसल्या बसल्या बघतो, तर यांच्या मूर्खपणाला अंत नाही. दोघे पाळीपाळीने अंड्यांवर बसतात. पाळी बदलायला येणारा कधी हात हलवत येत नाही, तोंडात एक काडी घेऊन येतो. बसलेला उठतो, ती काडी घेतो, ढिगात खोचतो, पुन्हा काढतो, दुसरीकडे खोचतो, आणि मगच जागा सोडतो. परवा वरच्या धरणाचं दार उघडलं आणि तळ्याचं पाणी वीतभर चढलं. होडी चढत नाही, ती लव्हाळ्यांच्या मुळांत अडकून बसलीय ना. अंडी भिजायची वेळ आली. मी म्हटलं, चला, आपोआपच निकाल लागला. तर त्या काळ्या ध्यानाने एका दुपारात बावीस फेऱ्या मारल्या. मी मोजल्या, कारण मला दुसरं काम नव्हतं (होतं, पण केलं नाही). दांडका आणायचा, बसलेलीच्या खाली सारायचा, परत जायचं. ती बसल्या बसल्या अंडी चोचीने वर सरकवत होती. संध्याकाळपर्यंत ढीग वीतभर उंच झाला, सातही अंडी कोरडी. बावीस वेळा तो गेला आणि बावीस वेळा परत आला. वाटेत त्याला एकही सायकलवाला भेटला नाही. असं एकसुरी आयुष्य मी पाहिलेलं नाही.

तर भाऊजी, इकडचं हे असं. पाखरू दिसायला भिकार, आवाजाला कर्कश, स्वभावाला त्याहून वाईट, आणि त्याच्यामुळे मी पुन्हा रस्त्यावर. तुमची कंबर सांभाळा, वाकून काम करू नका. भाचीला पेन्सिलीऐवजी गाजर द्या. ताईला माझा नमस्कार सांगू नका, कारण सांगितलात तर पत्र आल्याचं कळेल.

तुमचा, बिजागऱ्यांसह,
मेहुणा

ता. क. हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. तो तुमच्याच गल्लीतून निघतो आणि दहाच्या सुमाराला इथे येतो. पत्र दुकानातच द्यायला सांगितलंय. वाचून भुशात टाका.

ता. क. दुसरा. एक लहानसं काम होतं. तुमच्याकडे तुकडे पडलेले असतातच, त्यातून एक तराफा करून द्याल का? दोन हात लांब, दीड हात रुंद. फळ्यांना रंग नको, रंधाही नको, गुळगुळीत झालं की यांचे पाय घसरतात. तीन बाजूंना चार बोटं उंच पट्टी, चौथी बाजू उतरती, टोक पाण्यात जाईल अशी, पिल्लांना चढायला. पिल्लांना पहिल्याच दिवसापासून पाण्यात जायचं असतं आणि सारखं वर येऊन ऊबही घ्यायची असते, आईबापांसारखीच चंचल. खाली बांधायला रिकामे डबे माझ्याकडे आहेत. तराफा होडीला लावून बांधायचा आणि ढीग एका वेळी हातभरच सरकवायचा, म्हणजे ते बुजणार नाहीत, असा बेत. काल मी काड्यांची एक जुडी होडीच्या कडेला बांधून पाहिली, तर तिने ती स्वतःच ओढून घेतली. मला चावलीही नाही. म्हणजे चावली, पण हळू. दोन दिवस लागतील, म्हणून तराफा शुक्रवारी हवा. आज बुधवार आहे. तुम्ही मनावर घेतलंत तर तासाभराचं काम, मी केलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

ता. क. तिसरा. खरं सांगायचं तर काल मी कप्तानांना म्हणालो की तुम्ही त्या अंड्यांना हात लावलात तर मला काढायची तसदी घेऊ नका, मीच जाईन. बोलून गेलो. आजवर इतक्या जागा सोडल्या, पण एकदाही कारण नव्हतं. या वेळी कारण आहे आणि जायची इच्छा नाही. पिल्लं निघायला अजून दहा-बारा दिवस आहेत. निघतील तेव्हा लाल टक्कल आणि नारिंगी केस असलेली असतात म्हणे, मावशींनी पाहिली आहेत, याहून ओंगळ दृश्य नाही म्हणतात. मला ते बघायचं आहे.

ता. क. चौथा. भाऊजी, दुधाची गाडी आली, पण पत्र कुणाला देऊ? गाडीतून आधी दोन लांब फळ्या उतरल्या, मागोमाग ताई उतरली. मावशी खिडकीत मान खाली घालून तिकिटं चाळायचं नाटक करताहेत. काल यांनीच घरी फोन केला होता (नंबर माझ्या कामाच्या अर्जावर होता), तराफ्याच्या बेतासकट सगळं सांगितलं, हे आत्ता कबूल केलं. ताईने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती सरळ कप्तानांपुढे जाऊन उभी राहिली आणि लव्हाळ्यांपाशी पाणी किती खोल आहे, एवढंच विचारलं. कप्तान छातीला हात लावून दाखवताहेत. ताईने चपला काढल्या. तिच्या हातात तुमची ती बारीक दातांची करवत आहे, जिला तुम्ही मलाच काय, तिलाही कधी हात लावू दिला नाहीत. विचारून आणली असावी, असं तिच्या चालण्यावरून तरी वाटत नाही.